‘ठिबक.ओल’ सापडतं, पण ‘ठिबक’मध्ये दिसत नाही: एम्बेडेड लुआत सी मॉड्यूल्सचं पॅकेज बांधताना

हा प्रश्न नेहमी एकाच वाटेने येतो. सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या पोटात लुआ या छोट्या स्क्रिप्ट-भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे तिचा कोड चालवणारा भाग, बसवलेला असतो. सुरुवातीला दोन-तीन सी मॉड्यूल्स (लुआतून वापरता येणारे, सीमध्ये लिहिलेले फंक्शनांचे गठ्ठे) असतात, प्रत्येकाला सुटं नाव असतं आणि सगळं सुरळीत चालतं. मग मॉड्यूल्स दहा-बारा होतात, नावं एकमेकांच्या पायात येतात आणि कुणीतरी म्हणतं, आता हे सगळं एका पॅकेजखाली आणू. दुपारी नावं बदलतात, संध्याकाळपर्यंत निम्म्या स्क्रिप्ट बंद पडलेल्या असतात.

आमच्याकडे ठिबक सिंचनाचा एक कंट्रोलर होता. आत लुआ ५.४, आणि सीमध्ये लिहिलेली मॉड्यूल्स: जमिनीतली ओल मोजणारं ‘ओल’, पाणी सोडणारं ‘व्हॉल्व्ह’, निरोप पाठवणारं ‘मोडेम’, आणि अशीच आणखी काही. या सगळ्यांना ‘ठिबक’ नावाच्या छत्राखाली घ्यायचं ठरलं. त्याच उदाहरणाने पुढचं सांगतो. कोडमधली नावं इथे मी तोंडाने उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन असतात.

दुखणं एकच असलं तरी ते वेगवेगळ्या तोंडवळ्याने भेटतं. कधी ‘रिक्वायर "ठिबक"’ (‘रिक्वायर’ म्हणजे मॉड्यूल मागवणारं लुआचं फंक्शन) व्यवस्थित चालतं, पण पुढे ‘ठिबक.ओल.वाच()’ म्हटलं की ‘अटेम्प्ट टू इंडेक्स अ निल व्हॅल्यू (फील्ड ओल)’. कधी तीच ओळ निलऐवजी (निल म्हणजे ‘काहीच नाही’) बूलियन, म्हणजे खरं-खोटं अशा, व्हॅल्यूबद्दल तक्रार करते, आणि माणूस बुचकळ्यात पडतो की टेबलाच्या (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या संचाच्या) जागी बूलियन आलं कुठून. कधी ‘अनडिफाइन्ड सिंबल: लुआओपन_ठिबक_ओल’, म्हणजे त्या नावाचं सी फंक्शन लायब्ररीत सापडत नाही. आणि सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे लॅपटॉपवर चालतं, बोर्डावर, म्हणजे खऱ्या कंट्रोलरवर, चालत नाही.

टिंब म्हणजे आडनाव, घर नव्हे

पायथनवरून आलेला माणूस इथे हमखास फसतो. पायथनमध्ये ‘अ.ब’ इंपोर्ट केलं की आधी ‘अ’ लोड होतं, मग ‘ब’, आणि ‘ब’ हे ‘अ’च्या आत एक नाव म्हणून जोडलं जातं. लुआत यातलं काहीही घडत नाही. ‘रिक्वायर’साठी "ठिबक.ओल" ही फक्त एक स्ट्रिंग आहे. ती ‘पॅकेज.लोडेड’ नावाच्या टेबलात टिंबासकट, जशीच्या तशी नोंदली जाते. ‘ठिबक’ आधी लोड होत नाही, नंतरही होत नाही, आणि ‘ठिबक’च्या टेबलात ‘ओल’ आपोआप येऊन बसत नाही. दोन माणसांचं आडनाव देशमुख आहे एवढ्यावरून ती एका घरात राहतात असं आपण धरत नाही. इंटरप्रिटरही धरत नाही.

लुआ १९९३ साली रिओ द जानेरोच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात जन्मली आणि दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन राहणं हा तिचा पहिल्यापासूनचा स्वभाव. भाषेने हत्यारं द्यायची, घर कसं बांधायचं ते यजमानाने, म्हणजे लुआला पोटात घेणाऱ्या प्रोग्रॅमने, ठरवायचं, अशी वाटणी. त्यामुळे पॅकेज नावाची वस्तूच भाषेत नाही. आहे तो नावं ठेवण्याचा संकेत. हे एकदा मनात बसलं की निम्मा वैताग संपतो.

उरलेला निम्मा वैताग याचा, की त्या एकाच स्ट्रिंगचा तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी उपयोग होतो. ‘पॅकेज.लोडेड’ आणि ‘पॅकेज.प्रीलोड’मध्ये ती टिंबासकट शोधली जाते. फाइल शोधताना टिंबाच्या जागी फोल्डरची तिरकी रेघ येते, म्हणजे ‘ठिबक/ओल’. आणि सी लायब्ररीतलं फंक्शन शोधताना टिंबाच्या जागी अंडरस्कोर येऊन पुढे ‘लुआओपन_’ लागतं. तिन्ही रूपं एकमेकांशी जुळली तरच मॉड्यूल मिळतं, आणि आपण नाव बदलताना बहुतेकदा त्यातलं एकच रूप बदलतो.

अंडरस्कोरची एक गंमत जाता जाता. ‘ठिबक.ओल.दोन’ आणि ‘ठिबक.ओल_दोन’ या दोन वेगळ्या नावांचं सीमधलं फंक्शन एकच होतं. सगळं स्टॅटिक लिंक करत असाल, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये जोडून टाकत असाल, तर जोडणी करणारा लिंकर निदान ओरडतो. वेगवेगळ्या शेअर्ड लायब्रऱ्या (प्रोग्रॅम चालताना लोड होणाऱ्या ‘.एसओ’ फाइल्स) असतील तर ओरडायलाही कुणी नाही. आम्ही मॉड्यूलच्या नावात अंडरस्कोर वापरायचाच नाही असं ठरवून टाकलं.

एररची यादी शेवटपर्यंत वाचा

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ म्हटल्यावर त्याखाली जी लांबलचक यादी येते ती बहुतेक जण वाचत नाहीत, थेट ‘पॅकेज.सीपाथ’ बदलायला धावतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ती यादी म्हणजे शोध कुठे कुठे झाला याचा पंचनामा आहे आणि तिचा क्रम ठरलेला आहे. ‘पॅकेज.सर्चर्स’मध्ये चार शोधक असतात. पहिला ‘पॅकेज.प्रीलोड’मध्ये बघतो. दुसरा ‘पॅकेज.पाथ’प्रमाणे लुआची फाइल शोधतो. तिसरा ‘पॅकेज.सीपाथ’प्रमाणे सी लायब्ररी शोधतो. चौथा फक्त नावात टिंब असेल तेव्हाच कामाला लागतो: तो पहिल्या टिंबाच्या आधीचा भाग, म्हणजे ‘ठिबक’ एवढंच नाव घेऊन ‘ठिबक.एसओ’ शोधतो आणि त्या एकाच लायब्ररीत ‘लुआओपन_ठिबक_ओल’ आहे का ते बघतो.

चौथ्या शोधकाची ओळख अनेकांना नसते, आणि पॅकेज बांधायला सगळ्यात उपयोगी तोच. दहा मॉड्यूल्स एका ‘ठिबक.एसओ’मध्ये घाला, प्रत्येकाचं ‘लुआओपन_ठिबक_अमुक’ फंक्शन उघडं ठेवा, झालं. फोल्डरही लागत नाही.

पण तिसऱ्या आणि चौथ्याच्या स्वभावात फरक आहे. तिसऱ्याला फाइल मिळाली आणि तिच्यात हवं ते फंक्शन नसलं, तर तो तिथेच एरर फेकून शोध थांबवतो. चौथ्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही. चौथ्याला लायब्ररी मिळाली पण फंक्शन नसलं, तर तो ‘नो मॉड्यूल ठिबक.ओल इन फाइल’ एवढी नोंद करून गप्प बसतो. म्हणून सगळं एका लायब्ररीत हलवल्यावरही ‘अनडिफाइन्ड सिंबल’ येत राहिलं, तर पहिली शंका घ्या ती मागे राहिलेल्या जुन्या ‘ठिबक/ओल.एसओ’ फाइलची. आमच्याकडे ती बिल्ड फोल्डरात तीन आठवडे पडून होती.

निदानासाठी दोन गोष्टी हाताशी ठेवा. ‘पॅकेज.सर्चपाथ’ला मॉड्यूलचं नाव आणि ‘पॅकेज.सीपाथ’ द्या, नेमकी कोणती फाइल सापडते ते तो काहीही लोड न करता सांगतो. दुसरी गोष्ट ५.४ पासूनची: ‘रिक्वायर’ आता दोन किमती परत देतं. दुसरी किंमत म्हणजे मॉड्यूल कुठून आलं ते. फाइलचा पाथ आला तर फाइलमधून, ‘:प्रीलोड:’ आलं तर प्रीलोडमधून. दुसरी किंमत आलीच नाही तर मॉड्यूल आधीच लोड झालेलं होतं, आणि ते कुणी लोड केलं हे शोधणं हेच पुढचं काम.

फाइल हलली, फंक्शन जागेवरच राहिलं

लुआची फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाका, नव्या नावाने ‘रिक्वायर’ करा, चालते. आत कुठेही तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं नसतं. सी लायब्ररीचं तसं नाही. ‘ओल.एसओ’ उचलून ‘ठिबक’ फोल्डरात ठेवली की लुआ तिच्यात ‘लुआओपन_ठिबक_ओल’ शोधणार, आणि आत तर ‘लुआओपन_ओल’ आहे. फाइल सापडली, लोडही झाली, फक्त दार सापडलं नाही. सोर्स आपल्या हातात असेल तर फंक्शनचं नाव बदला आणि पुन्हा कंपाइल करा, दुसरं काही करण्यात अर्थ नाही.

सोर्स नसेल, म्हणजे बाहेरून मिळालेली तयार लायब्ररी असेल, तर ‘पॅकेज.लोडलिब’ला लायब्ररीचा पूर्ण पाथ आणि जुनं नाव ‘लुआओपन_ओल’ द्या आणि जे फंक्शन परत येईल ते ‘पॅकेज.प्रीलोड["ठिबक.ओल"]’मध्ये ठेवा. चौकटी कंस महत्त्वाचे. ‘पॅकेज.प्रीलोड.ठिबक.ओल’ असं लिहिलं तर लुआ आधी ‘ठिबक’ नावाचं फील्ड शोधेल, ते निल असेल आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. ‘लोडलिब’ फसलं तर त्याची तिसरी किंमत बघा: ‘ओपन’ आलं तर लायब्ररीच उघडली नाही, पाथ चुकला किंवा तिला लागणारी दुसरी लायब्ररी नाही; ‘इनिट’ आलं तर लायब्ररी उघडली पण फंक्शन मिळालं नाही.

नावात हायफन घालून वेळ मारून नेण्याचा सल्ला कधी कधी मिळतो. हायफनची सोय आहे, पण ती आवृत्त्यांसाठी, आणि तिची दिशा मधेच उलटली आहे. ५.१ च्या नियमाने हायफनपर्यंतचा आधीचा भाग गळतो, ५.३ पासूनच्या नियमाने हायफननंतरचा भाग गळतो. पॅकेज बदलण्यासाठी तिचा काही उपयोग नाही.

नाव बरोबर असूनही सिंबल मिळत नसेल तर लायब्ररीवर ‘एनएम’ हे सिंबलची यादी देणारं हत्यार चालवून, मोठ्या ‘डी’चा पर्याय देऊन, ‘लुआओपन’ शोधा. नावाच्या आधी ‘_झेड’ आणि एखादा आकडा चिकटलेला दिसला तर फाइल सी प्लस प्लस म्हणून कंपाइल झाली आहे, ‘एक्स्टर्न "सी"’ राहिलं आहे. काहीच दिसलं नाही तर कंपाइलरच्या पर्यायांत सिंबल लपवण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा. विंडोजवर फंक्शन एक्स्पोर्ट म्हणून वेगळं जाहीर करावं लागतं.

सिंबल ‘लुआओपन’ने सुरू न होता ‘लुआ_क्रिएटटेबल’ वगैरे असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मॉड्यूलला लुआची स्वतःची फंक्शनं हवी आहेत, ती यजमान प्रोग्रॅमात आहेत, पण प्रोग्रॅमने ती बाहेर उघडी केलेली नाहीत. लिनक्सवर यजमान प्रोग्रॅम लिंक करताना लिंकरला ‘ई’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे सिंबल बाहेर दिसतात. एरर घालवण्यासाठी मॉड्यूललाच लुआची स्टॅटिक लायब्ररी जोडून टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. एका प्रक्रियेत लुआच्या दोन प्रती नांदतात आणि मग भलत्याच जागी क्रॅश होतं. ५.२ आणि ५.३ मध्ये ‘मल्टिपल लुआ व्हीएम्स डिटेक्टेड’ असा इशारा तरी मिळायचा, ५.४ मध्ये ती तपासणी राहिलेली नाही.

बूलियन कुठून आलं

याचं उत्तर एका ओळीचं आहे. ‘लुआओपन_ठिबक_ओल’ फंक्शनने टेबल तयार केलं, स्टॅकवर (सी आणि लुआ जिथून किमतींची देवाणघेवाण करतात तिथे) ठेवलं, आणि शेवटी ‘रिटर्न १’ऐवजी ‘रिटर्न ०’ लिहिलं. लोडरने काहीच परत दिलं नाही, ‘पॅकेज.लोडेड’मध्येही काही ठेवलं नाही, तर ‘रिक्वायर’ तिथे ‘ट्रू’ लिहून मोकळं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लुआमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलच्या शेवटची ‘रिटर्न’ ओळ राहिली तरी हेच होतं. आणि एकदा ‘ट्रू’ नोंदलं गेलं की त्या स्टेटमध्ये, म्हणजे इंटरप्रिटरच्या त्या चालू प्रतीत, पुन्हा ‘रिक्वायर’ करून काही बदलत नाही; ‘पॅकेज.लोडेड’मधली ती नोंद निल करावी लागते.

बोर्डासाठी खरा उपाय: प्रीलोड

लॅपटॉपवर फाइल सिस्टिम आहे, डायनॅमिक लोडिंग आहे, त्यामुळे तिसरा-चौथा शोधक काम करतात. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर यातलं काहीच नसतं. तिथे सी लायब्ररी लोड करायला गेलात तर ‘डायनॅमिक लायब्ररीज नॉट एनेबल्ड’ असं उत्तर मिळतं. सगळी मॉड्यूल्स यजमान प्रोग्रॅममध्येच लिंक झालेली असतात आणि इंटरप्रिटरला ती दाखवण्याचा एकच सरळ रस्ता उरतो, तो ‘पॅकेज.प्रीलोड’.

आम्ही शेवटी जे केलं ते असं. एका सी फाइलमध्ये ‘लुआएल_रेग’ प्रकारचा एक अ‍ॅरे. त्यात नाव आणि फंक्शन अशा जोड्या: "ठिबक" व ‘लुआओपन_ठिबक’, "ठिबक.ओल" व ‘लुआओपन_ठिबक_ओल’, "ठिबक.व्हॉल्व्ह" व ‘लुआओपन_ठिबक_व्हॉल्व्ह’, आणि शेवटी दोन नल. (शेवटची नलची जोडी विसरलात तर लूप अ‍ॅरेच्या पलीकडे चालत जातो. हे एकदा प्रत्येकाच्या हातून होतं.) मग ‘लुआएल_गेटसबटेबल’ला रजिस्ट्री (सी कोडसाठी राखलेलं लुआचं आतलं टेबल) आणि ‘लुआ_प्रीलोड_टेबल’ हे नाव देऊन प्रीलोडचं टेबल स्टॅकवर आणायचं, लूपमध्ये प्रत्येक फंक्शन ‘लुआ_पुशसीफंक्शन’ने ढकलायचं, ‘लुआ_सेटफील्ड’ने नावाखाली ठेवायचं, आणि शेवटी टेबल स्टॅकवरून काढायचं. ‘सेटफील्ड’ला टिंबाचं सोयरसुतक नाही, "ठिबक.ओल" हे त्याच्यासाठी एकसंध नाव आहे, आणि आपल्याला तेच हवं आहे.

५.२ पासून प्रीलोडचं टेबल रजिस्ट्रीत राहतं, त्यामुळे हे काम ‘लुआएल_ओपनलिब्स’च्या आधी केलं काय नि नंतर केलं काय, फरक पडत नाही. ५.१ मध्ये पॅकेज लायब्ररी उघडताना नवं कोरं प्रीलोड टेबल बनतं, म्हणून तिथे आधी लायब्रऱ्या उघडायच्या आणि मगच नोंदी करायच्या. जागा वाचवण्यासाठी तुम्ही सगळ्या लायब्रऱ्या न उघडता मोजक्याच उघडत असाल आणि त्यात पॅकेज लायब्ररी नसेल, तर ‘रिक्वायर’ हे नावच अस्तित्वात नसतं. हे वाचायला बाळबोध वाटेल, पण मी यात एक सकाळ घालवली आहे.

प्रीलोडचा आणखी एक फायदा मला उशिरा कळला. आधी आम्ही प्रत्येक मॉड्यूल सी कन्स्ट्रक्टरमधून (मुख्य प्रोग्रॅमच्या आधी आपोआप चालणाऱ्या फंक्शनमधून) स्वतःची नोंद स्वतःच करेल अशी हुशारी केली होती. मॉड्यूल्स स्टॅटिक लायब्ररीत होती, त्यांच्यातल्या कुठल्याच सिंबलला बाहेरून कुणी हाक मारत नव्हतं, म्हणून लिंकरने त्या ऑब्जेक्ट फाइल्स घेतल्याच नाहीत. ना एरर, ना वॉर्निंग. मॉड्यूल्स नुसती गायब. मध्यवर्ती अ‍ॅरेत फंक्शनची नावं सरळ लिहिली की लिंकरला ती घ्यावीच लागतात. कंटाळवाणी यादी हुशारीपेक्षा कामाची ठरली.

‘लुआएल_रिक्वायरएफ’ हा दुसरा मार्ग दिसेल. तो मॉड्यूल लगेच उघडतो आणि ‘पॅकेज.लोडेड’मध्ये ठेवतो. स्क्रिप्टने मागेपर्यंत थांबायचं असेल, म्हणजे मोडेम नसलेल्या बोर्डावर मोडेमचं मॉड्यूल उगाच जागं होऊ नये असं वाटत असेल, तर प्रीलोडच बरं. रिक्वायरएफच्या शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये १ दिलात तर तो ग्लोबलही बनवतो, पण "ठिबक.ओल" या टिंबासकट नावाचा एकच ग्लोबल. त्याला स्क्रिप्टमधून ‘ठिबक.ओल’ लिहून हात लागत नाही. तिथे नेहमी शून्य द्या.

‘ठिबक’च्या आत ‘ओल’ दिसायला हवं असेल तर

आता पहिल्या लक्षणाकडे. लुआ नातं जोडत नाही, मग ते आपण जोडायचं. ‘ठिबक’ ही आई, आणि ‘ओल’, ‘व्हॉल्व्ह’, ‘मोडेम’ वगैरे तिची मुलं. ‘लुआओपन_ठिबक’मध्ये स्वतःचं टेबल बनवल्यावर प्रत्येक मुलासाठी ‘लुआएल_रिक्वायरएफ’ बोलवा, पूर्ण नाव द्या, ग्लोबलच्या जागी शून्य. मॉड्यूलचं टेबल स्टॅकवर येतं, ते ‘सेटफील्ड’ने "ओल" या छोट्या नावाखाली आपल्या टेबलात ठेवा. आता ‘रिक्वायर "ठिबक"’नंतरचं ‘ठिबक.ओल’ आणि स्वतंत्रपणे केलेलं ‘रिक्वायर "ठिबक.ओल"’ दोन्हीकडून एकच टेबल मिळतं. हे महत्त्वाचं आहे. काही जण आईच्या टेबलात वेगळी प्रत बनवतात आणि मग एकीकडे केलेली सेटिंग दुसरीकडे दिसत नाहीत.

सगळी मुलं एकदम उठवायची नसतील तर आईच्या टेबलाला मेटाटेबल (टेबलाचं वागणं ठरवणारं दुसरं टेबल) लावून त्याच्या ‘__इंडेक्स’मध्ये, म्हणजे टेबलात नसलेलं नाव मागितल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, "ठिबक." आणि मागितलेलं नाव जोडून ‘रिक्वायर’ करता येतं, आणि आलेलं टेबल तिथेच साठवून ठेवायचं. दिसायला छान. पण ‘जर ठिबक.मोडेम असेल तर’ अशी साधी चौकशी केली तरी मॉड्यूल नसलेल्या बोर्डावर निलऐवजी एरर येते, आणि ‘पेअर्स’ने फिरलं तर अजून न उठलेली मुलं दिसत नाहीत. आम्ही ‘__इंडेक्स’मध्ये आधी ठरलेल्या नावांच्या यादीत नाव आहे का ते बघतो, नसेल तर निल परत देतो.

आईने मुलाला ‘रिक्वायर’ केलं आणि मुलाने सुरुवातीलाच आईला, तर? ५.१ मध्ये ‘लूप ऑर प्रीव्हियस एरर लोडिंग मॉड्यूल’ अशी स्पष्ट एरर यायची. ५.२ पासून ती खूण नाही. दोघं एकमेकांना बोलवत राहतात आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो. लॅपटॉपवर निदान लुआची मर्यादा आधी लागून एरर मिळते. टास्कचा स्टॅक मोजक्या किलोबाइटचा असलेल्या बोर्डावर त्याआधीच बोर्ड रीसेट होतो आणि लॉगमध्ये काहीच नसतं. मुलाने आईला हाक मारायची नाही, दोघांना लागणारं काही असेल तर ते तिसऱ्या मॉड्यूलमध्ये.

सगळं सीमध्येच हवं असा हट्टही नको. आई लुआत आणि मुलं सीमध्ये ही रचना जुनी आणि टिकलेली आहे. लुआसॉकेट ही नेटवर्कची लायब्ररी तशीच बांधलेली आहे: ‘सॉकेट’ ही लुआची फाइल, ती आत ‘सॉकेट.कोअर’ हे सी मॉड्यूल मागते. फाइल सिस्टिम असलेल्या बोर्डावर ‘ठिबक.लुआ’ आणि ‘ठिबक.एसओ’ शेजारी शेजारी नांदू शकतात, कारण "ठिबक" मागितलं की दुसऱ्या शोधकाला लुआची फाइल आधी मिळते, आणि "ठिबक.ओल" मागितलं की चौथ्याला लायब्ररी मिळते. फक्त ‘इनिट’ नावाच्या फाइलची सोय सी लायब्ररीला नाही हे लक्षात असू द्या, ती ‘पॅकेज.पाथ’च्या नमुन्यात आहे, ‘पॅकेज.सीपाथ’च्या मूळ नमुन्यात नाही.

५.१ च्या काळचा कोड

‘पण आधी तर आपोआप व्हायचं’ असं कुणी म्हणालं तर त्याला खोटं पाडू नका. २००६ सालच्या ५.१ मध्ये ‘लुआएल_रजिस्टर’ला "ठिबक.ओल" नाव दिलं की ते खरोखरच ‘ठिबक’ नावाचा ग्लोबल बनवून त्यात ‘ओल’ ठेवायचं. त्याच नावाचा, टेबल नसलेला ग्लोबल आधीच असला तर ‘नेम कॉन्फ्लिक्ट फॉर मॉड्यूल’. ५.२ ने ही पद्धत मोडीत काढली, ‘लुआएल_न्यूलिब’ आणि ‘लुआएल_सेटफंक्स’ आणले, आणि ग्लोबलला हात लावणं बंद केलं. लुआजिट (लुआचा वेगळा, वेगवान इंटरप्रिटर) मात्र ५.१ च्या सी इंटरफेसवरच थांबलेलं आहे, त्यामुळे ते वापरणाऱ्या निओव्हिम एडिटरसाठी किंवा ओपनरेस्टी वेब सर्व्हरसाठी लिहिलेलं मॉड्यूल ५.४ मध्ये आणताना हा बदल समोर येतोच. तिथे ‘पॅकेज.सर्चर्स’चं नावही ‘पॅकेज.लोडर्स’ असतं.

लॅपटॉपवरचं नाटक

लॅपटॉपवर चालतं नि बोर्डावर नाही, याचं कारण बहुतेकदा असं की लॅपटॉपवर मॉड्यूल भलतीकडूनच येत असतं. एन्व्हायर्नमेंटमधलं ‘लुआ_सीपाथ’, चालू फोल्डरमधली जुनी ‘.एसओ’ फाइल. वर सांगितलेली ‘रिक्वायर’ची दुसरी किंमत छापा, लगेच कळतं. यजमान प्रोग्रॅमने एन्व्हायर्नमेंट बघूच नये असं वाटत असेल तर लायब्रऱ्या उघडण्याआधी रजिस्ट्रीत ‘लुआ_नोएन्व्ह’ ट्रू करा. आणि कुणी ‘रिक्वायर "ठिबक/ओल"’ असं तिरकी रेघ घालून लिहिलंय का तेही शोधा. लुआच्या फाइलसाठी ते चालून जातं, पण नोंद वेगळ्या नावाने होते आणि एकच मॉड्यूल दोनदा लोड होतं. प्रीलोडमध्ये तर ते सापडतच नाही.

शेवटचा, आणि आम्हाला सगळ्यात महाग पडलेला

पॅकेज नीट बसलं, स्क्रिप्ट चालल्या, आणि मग कंट्रोलर काही तासांनी क्रॅश व्हायला लागला. कधी चार तासांनी, कधी रात्री. क्रॅश नेहमी गार्बेज कलेक्शनच्या वेळी, म्हणजे नको असलेली मेमरी लुआ मोकळी करते तेव्हा.

मॉड्यूलची नावं आम्ही पॅकेजखाली आणली होती, पण ‘लुआएल_न्यूमेटाटेबल’ला दिलेली नावं तशीच राहिली होती. ‘ओल’ आणि ‘मोडेम’ दोघांनीही आपल्या यूजरडेटाच्या (सीने लुआच्या हाती दिलेल्या वस्तूंच्या) मेटाटेबलला "हँडल" असं नाव दिलेलं. ही नावं रजिस्ट्रीत राहतात आणि रजिस्ट्री साऱ्या स्टेटची एकच. ‘न्यूमेटाटेबल’ला ते नाव आधीच सापडलं तर ते नवं टेबल बनवत नाही, जुनंच स्टॅकवर ठेवतं आणि शून्य परत देतं. ते शून्य आम्ही कधी बघितलंच नव्हतं. मोडेम मागाहून लोड झालं आणि त्याने ओलच्या मेटाटेबलावर स्वतःचं ‘__जीसी’ (वस्तू गोळा होताना चालणारं फंक्शन) लिहिलं. मग सेन्सरचं हँडल गोळा करायची वेळ आली की मोडेमचं फंक्शन त्याची मेमरी मोडेमची समजून मोकळी करायचं. वस्तूचा प्रकार तपासणारं ‘लुआएल_चेकयूडेटा’ही काही बोललं नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही वस्तू "हँडल"च होत्या.

पॅकेजची फेरमांडणी होण्याआधी हे का दिसलं नव्हतं? आधी कुठल्याच स्क्रिप्टमध्ये ही दोन मॉड्यूल्स एकत्र लोड होत नव्हती. आईने सगळ्या मुलांना एकदम उठवायला सुरुवात केली आणि दोघांची गाठ पडली.

नावं "ठिबक.ओल.हँडल" अशी पूर्ण केली. शिवाय एक छोटं फंक्शन लिहिलं: ‘न्यूमेटाटेबल’ने शून्य दिलं तर ‘लुआएल_एरर’ने त्या नावासकट थांबायचं. चाचणीसाठी कुणी ‘पॅकेज.लोडेड’मधली नोंद पुसून मॉड्यूल पुन्हा लोड करत असेल तर त्याच्यावरही हे फंक्शन ओरडतं, म्हणून ते फक्त डीबग बिल्डमध्ये ठेवलं. ते घातल्यावरच्या पहिल्याच बिल्डमध्ये बोर्ड सुरू होताना थांबला. या वेळी नाव होतं "टायमर", आणि ती दोन मॉड्यूल्स तर वर्षभर एकमेकांच्या शेजारी चालत होती.